आतला पुठ्ठा

त्या काळात पुण्यात मायक्रोवेव्ह विकत घेतला की त्याच्याबरोबर मी फुकट मिळत असे. एक काचेचं भांडं, एक पाककृतींची पुस्तिका आणि मी. पुस्तिका इंग्रजीत होती, भांडं दुसऱ्या आठवड्यात फुटायचं, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या पदरात खरी मीच पडायचे.

लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात आमचं दुकान. मालक गल्ल्यावर, मी रस्त्यावर. मशीन घरी पोचलं की दोन-चार दिवसांत मी पाठोपाठ जायचं, घरच्यांना आणि शेजारच्या बायकांना समोर बसवायचं, शिरा करायचा, पापड भाजायचे, अंड्याशिवायचा केक करायचा आणि शेजारणींपैकी निदान एकीच्या डोक्यात भुंगा सोडून परत यायचं. याला डेमो म्हणत. अख्ख्या पुण्याला मायक्रोवेव्ह मी शिकवला असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. कोथरूडचा काही भाग दुसरी एक बाई बघायची.

मला स्वयंपाक येत नव्हता. अजून येत नाही. पण आवाज असा होता की मंडईतले कांदेवाले वाट सोडायचे, आणि थापा अशा की माझा मलाच अभिमान वाटायचा. माझा चार मिनिटांतला शिरा खाऊन नळ स्टॉपच्या एका आजोबांनी मृत्युपत्र बदललं, हे मी इतक्या घरांत सांगितलं की शेवटी त्या आजोबांचा चेहराही मला दिसायला लागला. एरंडवण्यातल्या एका बाईंनी माझ्या पद्धतीने साठ माणसांची पंगत मशीनवर उठवली, आणि वाढपी मशीनच्या पाया पडून गेले, हेही मीच सांगायचे. बायका हसायच्या. हसलेली बाई निम्मी विकत घेतलेली असते.

साफसफाई मात्र मी खरी शिकवायचे. वाडग्यात पाणी, त्यात लिंबाच्या दोन फोडी, पाच मिनिटं मशीन चालू, मग दोन मिनिटं दार उघडायचं नाही. वाफेने आतलं सगळं सुटतं, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. घासणी नाही, राख नाही, चिंच नाही. एवढं सांगूनही पुण्यातली बाई तारेची घासणी घेऊन आत डोकं घालणारच. स्वच्छतेच्या बाबतीत ती मशीनवर काय, डॉक्टरवरही विश्वास ठेवत नाही.

त्या वर्षी सगळं शहर कॉम्प्युटरला लागलं होतं. ज्याच्या घरात मुलगा होता त्याचा मुलगा अमेरिकेत होता, दोन हजार साल उजाडताना जगातली यंत्रं बंद पडतील म्हणून ती आधीच दुरुस्त करायला. बिबवेवाडीतल्या एका घरातला मुलगाही तिकडेच. घरात मागे राहिलेले तिघं: सासरे, सासूबाई आणि सून. सून यवतमाळकडची, ती पण कॉम्प्युटरवालीच. मशीन तिनेच घेतलं होतं. दुकानात आली तेव्हा तिने रंग विचारला नाही, आकार विचारला नाही. एकच विचारलं.

"ताई, सत्तर वर्षांच्या माणसाला चालवता येईल का हे?"

"अहो, नव्वदचे चालवतात," मी म्हटलं. "परवाच एका आजींनी पहाटे उठून खव्याच्या पोळ्या केल्या यात."

तिने मान डोलावली. असं सगळं खरं मानणारं गिऱ्हाईक मिळालं की मला थोडी कीव यायची आणि पुष्कळ आनंद व्हायचा.

शनिवारी अकराला मी त्यांच्या घरी पोचले. बेल दोनदा वाजवली.

"एकदा वाजवली तरी ऐकू येतं आम्हाला," सासूबाई दार उघडत म्हणाल्या. "या. चपला बाहेर. पिशवीही बाहेर ठेवता आली तर बरं."

निवृत्त शिक्षिका. मराठी शाळेत पस्तीस वर्षं. खडू आता हातात नव्हता, पण बोटं अजून तशीच धरलेली. सासरे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, हे अंगात इतकं मुरलेलं की भोंगा सुटला तरी भूक सुटली नव्हती. साडेबारा म्हणजे साडेबारा. ताटातून वाफ निघाली पाहिजे. नाही निघाली तर ते काही बोलायचे नाहीत, नुसते ताट दोन बोटं पुढे सरकवायचे. त्या दोन बोटांची दहशत मी त्या घरात पहिल्या पाच मिनिटांत ओळखली.

मशीनची पूजा झालेली होती. नारळ फुटलेला, हळदकुंकू वाहिलेलं, आणि दाराच्या काचेवर कुंकवाचं एवढं मोठं स्वस्तिक की आतलं काही दिसेना. देवाला दिसलं म्हणजे झालं.

समोर शेजारच्या चार बायका मांडीवर हात ठेवून बसलेल्या. सासूबाई खुर्चीवर, मांडीवर दोनशे पानी वही. वरच्या कोपऱ्यात तारीख, समास आखलेला.

"सुरू करण्याआधी सांगते," सासूबाई म्हणाल्या. मला नव्हे, सगळ्यांनाच. "सून घरात आल्यावर मी गॅसपाशी उभी राहणार नाही, हे मी लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. हिला सकाळी सातला ऑफिसची बस. म्हणून हा उद्योग. सकाळी करून ठेवायचं, दुपारी आम्ही यात गरम करायचं. ह्यांनी एकच अट घातलीय. मशीन चालू तोवर नोकरी चालू. मशीन बंद, नोकरी बंद."

"बारा तीसला," सासऱ्यांनी मधूनच सांगितलं.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात परीक्षेला दुसऱ्याच्या हातात आपली पाटी दिल्यासारखं.

मी सुटले. शिरा झाला. पापड झाले, एकेक पस्तीस सेकंदांत, तेलाशिवाय, आणि बायकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजही विसरलेले नाही. आजोबांचं मृत्युपत्र सांगून झालं. मग मला अवदसा आठवली. सासूबाईंना मी उठवलं.

"या आजी, आता तुम्ही करा. वाटीभर पाणी तापवायचं."

त्या आल्या. चष्मा पुसला. बटणांवरची अक्षरं इंग्रजी, बारीक, चकचकीत. त्यांनी एक बटण दाबलं, मशीन किरकिरलं. दुसरं दाबलं, दिवा गेला. तिसरं दाबलं, काहीच झालं नाही. त्या मशीनकडे बघत राहिल्या. पस्तीस वर्षं चौथीचे वर्ग ज्या नजरेने गप्प केले ती नजर.

"अहो आजी," मी म्हटलं, माझ्या मंडईच्या आवाजात, "मशीन आहे ते, विद्यार्थी नाही. नुसते डोळे वटारून कुठलं तापायला!"

चारही बायका खो-खो हसल्या. सासऱ्यांच्या मिशीचं एक टोक हललं. आणि सून हसली. अर्धा सेकंद, ओठ दाबून, लगेच पदराचं निमित्त करून. सासूबाईंनी बायकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तेवढंच पाहिलं.

मग त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि वही उघडली. "पुढे सांगा. मी लिहून घेते."

मला वाटलं, जिंकलं मी. निघण्याच्या घाईत मी शेवटच्या सूचना दिल्या. लिंबाचं पाणी, ओलं फडकं, आणि मग हात नाचवून, "आणि पॅकिंग! पुण्यातली माणसं सोफ्याचं प्लास्टिक दहा वर्षं काढत नाहीत. तसं नाही करायचं. थर्माकोल, चिकटपट्टी, पुठ्ठा, आत-बाहेर जे काही असेल ते उचकटून फेकून द्यायचं. मशीनला श्वास घेऊ दे!"

सासूबाईंनी लिहिलं. मला त्यांची लेखणी थांबेपर्यंत दारात उभं राहावं लागलं.

आता, मशीनच्या आत, उजव्या भिंतीवर, पोस्टकार्डाहून लहान असा एक तपकिरी तुकडा बसवलेला असतो. दिसतो हुबेहूब पुठ्ठा. असतो अभ्रक. त्याच्यामागे भोक असतं आणि त्या भोकातून मशीनची सगळी ताकद आत येते. तुकडा काढला की आमटीचे शिंतोडे, तुपाची वाफ, सगळं त्या भोकात. काही आठवडे काही होत नाही. मग होतं.

दोन महिन्यांनी दुकानात बिबवेवाडीहून फोन आला. मालकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मागच्याच महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका शुद्ध शाकाहारी घरात शेजारणीच्या आग्रहाखातर मी अंडं उकडून दाखवलं होतं. ते छतापर्यंत गेलं होतं. देव्हाऱ्यावरही थोडं होतं.

"जाऊन बघून या," मालक म्हणाले. "मेकॅनिक नंतर पाठवू. आणि बाई, तुमच्यामुळे काही झालेलं असेल तर उद्यापासून इस्त्र्यांच्या काउंटरला बसा."

इस्त्र्यांचं काउंटर तळघरात होतं. तिथे एक पंखा होता आणि तो विकायचा होता.

बिबवेवाडीत या वेळी मी बेल एकदाच वाजवली. सून ऑफिसात होती. सासरे हॉलमध्येच भेटले.

"बारा छत्तीसला स्फोट झाला," ते म्हणाले. "चौतीस वर्षं दारूगोळ्यात काढली. एकदाही स्फोट नाही. आणि इथे आमटीने केला." एवढं बोलून ते आतल्या खोलीत रेडिओजवळ जाऊन आडवे झाले.

मी मशीनचं दार उघडलं. आत इतकं स्वच्छ की भाताचं शीत सापडलं नसतं. आणि उजव्या भिंतीत चौकोनी भोक, कडेने काळंठिक्कर.

"इथे एक तुकडा होता," मी म्हटलं.

"होता. मी काढला." सासूबाईंनी कपाटातून वही आणली, पान उघडलं, चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. "कलम सात. पुठ्ठा, आत-बाहेर जे काही असेल ते उचकटून फेकून देणे. मशीनला श्वास घेऊ देणे. कंसात, डेमोच्या बाई." वही मिटली. "फेकला नाही. पण काढला. सुरीने काढावा लागला. बराच घट्ट होता तुमचा पुठ्ठा."

मला तळघरातला पंखा दिसला. तुमची चूक आहे म्हणावं तर ही बाई मालकांना चार पानी पत्र लिहिणार, एक प्रत वर्तमानपत्राला. माझी चूक आहे म्हणावं, तर इस्त्र्या. म्हणजे तिसरं कुणीतरी हवं होतं, आणि तिसरं ऑफिसात होतं. माझी नजर शोकेसवर गेली. वरच्या कप्प्यात सहा वाडग्यांचा संच, पांढरे, सोनेरी काठाचे. रुखवतात मांडलेले असणार, यवतमाळहून आलेले.

"सोनेरी काठ," मी हळूच म्हटलं. "मशीनमध्ये सोनेरी काठाचं भांडं गेलं की ठिणग्या उडतात. तसंच जळतं. अगदी असंच. आमटी यातल्या वाडग्यात होती का?"

"छे. ते वाडगे तर अजून कधी काढलेच…"

त्या थांबल्या.

आत रेडिओवर शेतकऱ्यांना हवामान सांगत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच अगदी सरळ, एका शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षिकेकडे बघावं तसं. डेमोच्या दिवशीचा तो अर्धा सेकंद अजून त्यांच्या डोळ्यांत होता. पुसायला लिंबूपाणी चाललं नसतं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी घाईत असते ती. काय कशात काढून ठेवते, मी कुठे बघत बसते."

त्या उठल्या. शोकेस उघडली, वरचा एक वाडगा काढला, स्वयंपाकघरात नेऊन सिंकमध्ये ठेवला आणि त्यावर नळ सोडला. मग परत येऊन बसल्या आणि वहीतलं कलम सातचं पान समासाला धरून नीट, पट्टीने कापल्यासारखं फाडलं.

मी फॉर्म भरला. कारण: सोनेरी काठाचं भांडं. चूक: ग्राहकाची. खाली त्यांनी सही केली. इतकी सुंदर सही मी नंतर कुठल्याही फॉर्मवर पाहिली नाही.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं. पहिल्या वेळी न विचारलेला चहा. मी घेतला. आलं घातलेला होता, गॅसवर केलेला. त्या गॅसपाशी उभ्या राहिल्या होत्या.

शनिवारी दुपारी सून दुकानात आली. दुकान भरलेलं, दिवाळीचे दिवस. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत तो अभ्रकाचा तुकडा, मधोमध तेलाचा गोल डाग.

"देवघरात सापडला," ती म्हणाली. "आईंनी समईखाली ठेवला होता, पाटाला तेल लागू नये म्हणून. पुस्तिकेत बाराव्या पानावर याचं चित्र आहे. हा काढायचा नसतो."

पुस्तिका वाचणारं ते मला भेटलेलं पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक.

"वाडगा मी वापरलाच नाही, ताई. पण मला भांडायचं नाही. कुणाची चूक म्हणू नका. पुठ्ठ्यासारखा दिसतो, कुणीही काढेल, एवढंच घरी येऊन सांगा. बाबा तुमचं ऐकतील. सोमवारी मला राजीनामा द्यायचाय. हे सांगितलंत तर नाही द्यावा लागणार."

ती हळू बोलत होती. हळू बोलणाऱ्या माणसाची एक अडचण असते, बाजूचे कान टवकारतात. टोस्टर बघणारं एक जोडपं वळलं. मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली.

त्या क्षणी मी काहीही करू शकले असते. बिबवेवाडीला रिक्षाने वीस मिनिटं लागतात. पण मला इस्त्र्या विकायच्या नव्हत्या. एवढंच. त्याहून मोठं कारण मी आजपर्यंत खूप शोधलं, थापा मारण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, तरी सापडलं नाही.

"अहो मॅडम," मी म्हटलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, "कॉम्प्युटर चालवता ना तुम्ही? त्यातही सोन्याचा वाडगा ठेवता की काय? वाचवा बाई त्या कंपनीला कुणीतरी!"

टोस्टरचं जोडपं हसलं. मालक हसले. पेढेवाल्याकडून आलेला माणूससुद्धा काही न कळून हसला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात यशस्वी विनोदांपैकी तो एक.

ती हसली नाही. "काहून असं करता, ताई?" ती म्हणाली. पुण्यात तोलून-मापून बोलणारी ती पोर, तिच्या तोंडून गावाकडचा शब्द निसटला, आणि निसटला हे कळून तिचे कान लाल झाले. मागून कुणीतरी तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. तिने तुकडा काउंटरवरून उचलला, पिशवीत घातला.

"ठेवून जा की," मी म्हटलं.

"नको. समईखाली परत ठेवावा लागेल. आई संध्याकाळी दिवा लावतात."

सोमवारी तिने राजीनामा दिला. हे मला तिने सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं, फोनवर, पुढच्याच आठवड्यात. फोन दुरुस्तीसाठी होता. "मेकॅनिक पाठवा," त्या म्हणाल्या. "घरात मशीन नादुरुस्त पडून राहणं बरं दिसत नाही." मेकॅनिकने नवा तुकडा बसवला, भोक साफ केलं, आणि अर्ध्या तासात मशीन पहिल्यासारखं चालू झालं. तिचा राजीनामा तोवर मंजूर झाला होता.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी मला जेवायला बोलावलं. भिशीच्या नऊ बायका येणार होत्या, सगळ्यांना मशीन बघायचं होतं. मालकांनी मला नवी साडी नेसून जायला सांगितलं. पण मला बोलावंच लागलं नाही. सासूबाईच मशीनपाशी उभ्या राहिल्या. बटणांवर बघायच्याही नाहीत. पापड, शेंगदाणे, दूध, लिंबाची वाफ, आणि मधूनमधून माझ्याकडे बोट दाखवून, "ह्या बाईंनी शिकवलं हो मला. फार छान शिकवतात." नऊपैकी चारजणींनी जागेवरच नावं दिली. मालकांनी मला त्या वर्षी दिवाळीला न दिलेली भेट संक्रांतीला दिली. इस्त्री होती.

साडेबाराला सासरे पाटावर बसले. त्यांच्या ताटातून वाफ निघत होती. सून आत तव्यापाशी होती, एकेक पोळी फुगवून, तूप लावून बाहेर आणून वाढत होती. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळावर घाम. मशीन तिच्यापासून चार फुटांवर चालू होतं, एका भिशीवालीच्या कपभर चहासाठी.

माझ्या ताटात तिने पोळी वाढली. "तव्यावरची आहे, ताई. सावकाश, हात भाजेल."

"काय हो," सासूबाई भरल्या घरात म्हणाल्या, "हिच्या हातची पोळी काही मशीनला जमायची नाही. नाही का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सूनही थांबली, पोळीची रिकामी ताटली हातात तशीच.

"छे हो," मी म्हटलं. "मशीनला कुठली जमायला!"

पोळी खरोखरच मऊ होती. मी तीन खाल्ल्या. मग चौथी मागितली, आणि ती आणायला ती आत गेली.